पलटण आणि मैदान

वरळी कोळीवाड्याच्या टोकाशी इंग्रजांनी सन १६७५ च्या सुमारास जो किल्ला बांधला, तो माहीमच्या खाडीकडे येणाऱ्या गलबतांवर नजर ठेवण्यासाठी. पहारे कधीच उठले. पुढे त्याच तटाच्या आत कोळीवाड्यातील तरुणांची व्यायामशाळा उभी राहिली. शिपायाच्या जागी खेळाडू येण्यास तेथे काही खर्च पडला नाही. माणसाने स्वतः हे स्थित्यंतर करावयाचे म्हटले, की मात्र मोल द्यावे लागते. आणि ते देण्याची ऐपत कोणाची असते, हे पाहण्यासारखे आहे.

लंडनचा बिली वेल्स १९०६ साली ब्रिटिश तोफखान्यात भरती होऊन रावळपिंडीच्या छावणीत आला. मुष्टियुद्धात १९०९ साली त्याने अखिल हिंदुस्थानचे अजिंक्यपद मिळविले, आणि लगेच १९१० मध्ये सरकारात पैसे भरून मुदतीपूर्वीच आपले नाव कमी करून घेतले. अशी विकतची मुक्तता त्या लष्कराच्या नियमांतच होती. दुसऱ्याच वर्षी तो ब्रिटनचा हेवीवेट विजेता झाला आणि ते पद त्याने १९१९ पर्यंत राखले. 'बॉम्बार्डियर' ही लष्करी पदवी मात्र त्याने अखेरपर्यंत नावामागे बाळगली. सोडलेली चाकरी जाहिरातीस उपयोगी पडली म्हणावयाची! वेल्सचे धैर्य आम्ही नाकारीत नाही. पण आखाड्याभोवती तिकीट काढून बसणारे लंडन होते, म्हणून ते धैर्य पचले.

आता आपल्याकडे पाहावे. पुण्यात १९१९ साली जन्मलेले हेमू अधिकारी लष्करात लेफ्टनंट कर्नल झाले. १९४७ च्या नोव्हेंबरातील त्यांच्या पहिल्या कसोटीपासून १९५९ च्या फेब्रुवारीतील अखेरच्या कसोटीपर्यंत भारत ४७ सामने खेळला. अधिकारी त्यांपैकी २१ खेळले. लष्करी कामाने त्यांस अनेकदा मैदानापासून दूर ठेवले. मग त्यांनी लष्कर का सोडले नाही? सोडून जावयाचे कोठे! येथील क्रिकेटवर संसार चालत नसे. विनू मांकडांसारख्या अव्वल खेळाडूसही १९५२ साली पोटासाठी लँकेशायरमधील हॅस्लिंग्डन क्लबाची नोकरी धरावी लागली. अशा स्थितीत अधिकाऱ्यांच्या निष्ठेचे पोवाडे गाणे आम्हांस अर्धवट वाटते. निष्ठा होतीच, पण निवड नव्हती.

ती निवड वरळीच्या दारी आली, ती फार उशिरा. व्यावसायिक कबड्डीचा पहिला सामना २६ जुलै २०१४ रोजी, कोळीवाड्यापासून फार लांब नसलेल्या वरळीच्याच क्रीडागृहात झाला. पाच वर्षांनी चंदगड तालुक्यातील हुंदळेवाडीच्या सिद्धार्थ देसाईवर १ कोटी ४५ लाखांची बोली लागली.

अधिकाऱ्यांच्या वाट्याला आले ते निराळेच. वेस्ट इंडीजविरुद्धच्या १९५८-५९ च्या मालिकेत तीन कर्णधार होऊन गेल्यावर, दिल्लीच्या शेवटच्या सामन्यासाठी एकोणचाळीस वर्षांच्या या लष्करी अधिकाऱ्यास नेतृत्वासाठी बोलाविण्यात आले. त्यांनी ६३ आणि ४० धावा काढल्या, तीन गडी बाद केले, आणि सामना अनिर्णित राखला. त्यानंतर ते कसोटी खेळले नाहीत.