पडताळ्याची परंपरा : इब्न अल्-हैसम ते खुले विज्ञान

विद्यापीठीय संशोधनाच्या चर्चेत आज ‘खुले विज्ञान’ ही संज्ञा वारंवार येते. संशोधनाची पद्धत, साधने व मूळ नोंदी इतरांसाठी खुल्या ठेवाव्यात आणि त्यांच्या आधारे कोणालाही निष्कर्ष पडताळून पाहता यावा, असा तिचा आशय आहे. संज्ञा नवी असली तरी प्रश्न जुना आहे. इस्लामी विज्ञानाच्या इतिहासातील एक प्रकरण या दृष्टीने बोधप्रद आहे.

बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत कार्य केलेल्या इब्न अल्-हैसम (सुमारे ९६५-१०४०) यांनी ‘किताब अल्-मनाझिर’ हा प्रकाश व दृष्टीविषयक सात भागांचा ग्रंथ लिहिला. प्रयोगाने केलेल्या पडताळणीसाठी ते ‘इतिबार’ हा शब्द वापरतात. केवळ निष्कर्ष सांगून ते थांबत नाहीत; उपकरण कसे तयार करावे, कसे मांडावे आणि काय पाहावे, हेही लिहितात. टॉलेमीसारख्या अधिकारी विद्वानाच्या मतांवरील आक्षेपांसाठी त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. थोरांचे वचन म्हणून ते खरे, ही भूमिका त्यांना मान्य नव्हती.

त्यांचा स्वतःचा ग्रंथही याच कसोटीला उतरावा लागला. सुमारे अडीच शतकांनंतर इराणातील कमालुद्दीन अल्-फारिसी यांना त्याचा अभ्यास करायचा होता. पण प्रत सहज मिळेना. त्यांचे गुरू कुतुबुद्दीन शिराझी यांनी ती दूरदेशाहून मिळवून दिली. अल्-फारिसींनी ‘तनकीह अल्-मनाझिर’ हे भाष्य लिहिले. पाण्याने भरलेला काचेचा गोल त्यांनी पावसाच्या थेंबाच्या जागी कल्पिला आणि अंधाऱ्या खोलीत प्रयोग केले. थेंबात प्रकाशाचे दोनदा वक्रीभवन व मध्ये परावर्तन होऊन इंद्रधनुष्य दिसते, असे त्यांनी दाखवले. इब्न अल्-हैसम यांचे या विषयातील स्पष्टीकरण त्यामुळे मागे पडले. मात्र ते मागे सारणारी पद्धत त्यांचीच होती.

हे भाष्य १९२८-३० मध्ये दोन खंडांत छापले गेले ते हैदराबादेत. १८८८ मध्ये स्थापन झालेल्या दाइरतुल मआरिफने दुर्मीळ अरबी हस्तलिखिते छापून जगभरच्या अभ्यासकांच्या हाती दिली. एका प्रतीसाठी दूरदेशी शोध घ्यावा लागण्याची स्थिती अशा प्रयत्नांनीच बदलली.

आजची स्थिती काय आहे? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीपासून पीएच.डी. प्रबंधांची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे आवश्यक झाले आणि ‘शोधगंगा’वर प्रबंध खुले झाले. युनेस्कोने २०२१ मध्ये खुल्या विज्ञानाविषयी शिफारस स्वीकारली. तथापि, प्रबंध खुला झाला म्हणजे संशोधन पडताळण्याजोगे झाले असे नाही. मानसशास्त्रातील १०० अभ्यासांची पुनरावृत्ती करणारा प्रकल्प २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय होते. पुनरावृत्तीत हे प्रमाण ३६ टक्केच भरले.

आपल्या महाविद्यालयांत याची सुरुवात मोठ्या निधीवाचून होऊ शकते. प्रश्नावली, नमुना निवडीची रीत, मूळ तक्ते आणि आकडेमोडीचे टप्पे प्रबंधासोबत जपावेत. उत्तरदात्यांची नावे व ओळख मात्र गुप्त राहिली पाहिजे. पूर्वीचा एखादा अभ्यास पुन्हा करून पाहणाऱ्या विद्यार्थ्याला ‘यात नवीन काय?’ असे विचारून परत पाठवू नये. अल्-फारिसींनीही आरंभ जुन्या ग्रंथाच्या पडताळ्यापासूनच केला होता.

हदीसच्या अभ्यासात ‘हे कोणाकडून आले?’ हा प्रश्न आपण आवर्जून विचारतो. संशोधनात त्याला ‘हे कसे तपासले?’ या प्रश्नाची जोड हवी. इल्म ही अमानत आहे. पुढच्याला ती तपासता येईल अशा रूपात सोपवणे ही शिक्षकाची जबाबदारी आहे.