सोळा आण्यांचा हातचा

या भागात आकडे बरेच आहेत आणि बोलताना आकडे हवेत विरून जातात. त्यामुळे ऐकण्यापेक्षा हा भाग वाचायला सोपा जाईल असं वाटतं. कागद-पेन्सिल जवळ असेल तर उत्तम.

मेहकरहून एका श्रोत्याने प्रश्न पाठवलाय. इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाचा विद्यार्थी आहे. तो लिहितो, "बीसीडी अ‍ॅडरच्या प्रॅक्टिकलमध्ये बेरीज नऊच्या वर गेली की त्यात सहा मिळवायचे, असं जर्नलमध्ये लिहून घेतलं. सहाच का, असं विचारलं तर उत्तर मिळालं, तसंच असतं."

तसंच नसतं. आणि याचं उत्तर मला जर्नलपेक्षा आपल्याच जिल्ह्याच्या जुन्या बाजारात लवकर सापडेल असं वाटतं. म्हणून आज सुरुवात खामगावपासून.

१८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा छोटा फाटा टाकला गेला, तो मुख्यतः कापसासाठी. वऱ्हाडचा कापूस तेव्हा मुंबईमार्गे विलायतेला जात होता आणि खामगाव ही त्याची मोठी बाजारपेठ होती. बाजार म्हटला की अडते आले, मुनीम आले, आणि रोजकीर्द-खतावणी आली. या चोपड्यांमध्ये पैसा कसा लिहायचे, हे आज पन्नाशीच्या आतल्या माणसाला सहसा माहीत नसतं. रुपयाचे सोळा आणे. चार आणे म्हणजे पावली, तिच्यासाठी एक उभी रेघ. आठ आण्यांना दोन उभ्या, बारा आण्यांना तीन. पावलीच्या खालचे सुटे आणे तिरक्या किंवा आडव्या रेघांनी दाखवायचे, एक, दोन किंवा तीन. चौथ्या आण्याला रेघ नाहीच, कारण चार झाले की पावली झाली आणि ते उभ्या रेघांच्या घरात गेले. तसंच चार पावल्या झाल्या की रुपया झाला आणि ते डावीकडे आकड्यात गेले.

आता सात आणे आणि अकरा आणे मिळवू. सात म्हणजे एक उभी, तीन आडव्या. अकरा म्हणजे दोन उभ्या, तीन आडव्या. आडव्या तीन आणि तीन सहा, त्यातल्या चारांची एक उभी झाली, खाली उरल्या दोन. उभ्या एक आणि दोन तीन, आणि हातचा एक, चार. चाराचा रुपया झाला, खाली शून्य. उत्तर एक रुपया दोन आणे.

हेच कम्प्युटरच्या भाषेत मांडू. सात म्हणजे ०१११, अकरा म्हणजे १०११. चारही आकडे दोन-दोनच्या जोडीने पाहा. ०१ आणि ११, म्हणजे एक उभी, तीन आडव्या. १० आणि ११, म्हणजे दोन उभ्या, तीन आडव्या. मुनिमाच्या रेघा आणि यंत्राचे शून्य-एक यांत फरक एवढाच की मुनीम चारचा गठ्ठा करतो आणि यंत्र दोनचा. बेरीज येते १ ००१०. डावीकडचा सुटा एक तो रुपया, उजवीकडचे दोन ते आणे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण असं काही बोललं की लगेच फॉरवर्ड मेसेज तयार होतात. आपल्या पूर्वजांना बायनरी ठाऊक होतं असं मी म्हणत नाहीये. त्यांना अर्धं करणं ठाऊक होतं. तागडीवर माल अर्धा करता येतो, अर्ध्याचा पाव करता येतो. दहावा हिस्सा काढायचा तर डोकं लावावं लागतं. शेराचे सोळा छटाक त्याच सोयीतून आले. शिवाय ही घडी पुरती बसतही नव्हती. आण्याचे चार पैसे इथवर ठीक, पण त्याच आण्याच्या बारा पै होत आणि तिथे दोनचा हिशोब मोडतो.

तरी पण पाढे बघा. निमकी, पावकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. बारा म्हणजे ११००. निम्मे सहा, ०११०. पाव तीन, ००११. आकडे तेच, फक्त एकेक घर उजवीकडे सरकले. बारा दिढे अठरा म्हणजे बारात त्याचं एक घर सरकवलेलं रूप मिळवलं. सरकव आणि मिळव. पहिल्या पिढीतली बहुतेक यंत्रं गुणाकार याच रीतीने करत होती. दिडकी पाठ असलेल्या आजोबाला हा प्रकार दोन मिनिटांत पटला असता, आणि नातू तो परीक्षेपुरता घोकतो. ही तुटलेली कडी मला खरोखर सलते.

असो. आता सर्किटकडे.

बेरजेच्या यंत्राची खरी अडचण बेरीज नाही, हातचा आहे. १६४२ च्या सुमारास वडिलांच्या करवसुलीच्या हिशोबासाठी पास्कलने चाकांचं यंत्र केलं, त्यातली कमाल हातचा पुढच्या चाकाला ढकलण्याच्या खटक्यात होती. एकोणिसाव्या शतकात बॅबेजने हातचा आधीच ओळखता येईल का यावर डोकं शिणवलं. विजेवर हे काम आलं ते १९३७ साली. क्लॉड शॅनन नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने एमआयटीतल्या आपल्या प्रबंधात दाखवलं की जॉर्ज बूलचं तर्काचं बीजगणित आणि रिले-स्विचची जोडणी ही एकच गोष्ट आहे, आणि त्यात बेरजेचं सर्किटही काढून दिलं. त्याच वर्षी बेल लॅबमधल्या जॉर्ज स्टिबिट्झने घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन रिले, टॉर्चचे दिवे आणि डब्याच्या पत्र्याच्या पट्ट्या जोडून एक अंकी बेरीज करून दाखवली.

त्या टेबलावर जे होतं ते आपल्याला आज दोन गेटमध्ये करता येतं. जिन्यातला दिवा आठवा, खाली एक बटण आणि वर एक. दोन्हींतलं नेमकं एकच बटण फिरवलेलं असेल तर दिवा लागतो. दोन्ही फिरवली की विझतो. हे झालं एक्स-ऑर. एक अधिक शून्य एक, एक अधिक एक शून्य. म्हणजे बेरजेचा खालचा अंक मिळाला. आणि दोन्ही बटणं चालू असतील तरच लागणारा दुसरा दिवा म्हणजे अँड. तो हातचा. या जोडीला हाफ अ‍ॅडर म्हणतात. अर्धा का? कारण तो हातचा देतो, पण घेत नाही. उजवीकडून आलेला हातचा घ्यायचा तर असे दोन अर्धे आणि एक ऑर गेट मिळून फुल अ‍ॅडर होतो. असे चार फुल अ‍ॅडर ओळीने लावले की आपला सोळा आण्यांचा मुनीम तयार.

पण हा मुनीम सात आणि अकरा मिळवताना काय करतो ते पाहा. पहिल्या घरात हातचा, दुसऱ्यात हातचा, तिसऱ्यात, चौथ्यात. प्रत्येक घर उजवीकडच्या घराची वाट बघत बसतं. चार घरांत हे चालून जातं. चाळीस घरं असली तर?

चाळीस घरांचा प्रश्न मुंबईत प्रत्यक्ष सोडवला गेला. होमी भाभांनी १९४५ साली उभारलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५४ साली आर. नरसिंहन दाखल झाले आणि त्यांच्याभोवती तरुणांचा एक लहान गट जमला. कम्प्युटर बांधायचा होता आणि शिकवायला कोणी नव्हतं. कोलकात्याच्या सांख्यिकी संस्थेने साधारण त्याच सुमारास इंग्लंडहून यंत्र आणलं होतं, पण आणणं वेगळं आणि बांधणं वेगळं. आधार होता तो प्रिन्स्टनच्या यंत्राच्या खुल्या अहवालांचा. बर्क्स, गोल्डस्टाइन आणि फॉन नॉयमन यांनी १९४६ साली लिहिलेल्या अहवालात हातच्याचा हिशोबही केलेला आहे. चाळीस घरांत हातचा कधीतरी टोकापासून टोकापर्यंत धावेल हे खरं, पण कोणतेही दोन आकडे घेतले तर सगळ्यात लांबची धाव सरासरी पाच घरांच्या आतच राहते. हा निष्कर्ष मला अजूनही सुंदर वाटतो.

मुंबईच्या मंडळींनी थेट मोठ्या यंत्राला हात घातला नाही. आधी एक छोटं नमुना-यंत्र केलं. ते १९५६ साली चालू झालं. (त्याच वर्षी १ नोव्हेंबरला आपला बुलढाणा जिल्हा विदर्भासोबत मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. याचा त्याच्याशी काही संबंध नाही, पण तारखा शेजारी ठेवल्या की काळ समजतो.) मग मोठं यंत्र, टिफ्रॅक, १९६० साली रीतसर कामाला लागलं. २,७०० व्हॅक्यूम ट्यूब, १,७०० जर्मेनियम डायोड, १२,५०० रेझिस्टर. अठरा फूट लांब आणि आठ फूट उंच पोलादी सांगाडा, दोन्ही बाजूंनी दारं, कारण ट्यूब बदलायला हात आत जायला हवा. स्मृतीत २,०४८ शब्द, प्रत्येक शब्द चाळीस बिटांचा. मणाचे शेरही चाळीसच, हा मात्र निव्वळ योगायोग. नाव नेहरूंनी दिलं. १९६५ पर्यंत ते वापरात होतं.

आणि आता सहाचं गुपित.

मुंबईत दोनच्या पटीत मोजणारं यंत्र बांधलं जात असतानाच देशाने सोळा आणे सोडले. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. एका आण्याचे सव्वासहा पैसे होतात, पण पाव पैसा द्यायचा कुठून? म्हणून तक्ता ठरला. एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीनचे एकोणीस, चारचे पंचवीस. चारदा एकेक आणा देणारा आणि एकदम चार आणे देणारा यांचे हिशोब जुळेनात, आणि दुकानादुकानांत वाद झाले असतील यात मला शंका नाही. पुढे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर-छटाकही गेले, किलो आला. माणसांसाठी हे बरंच झालं. आकडे दशमान आणि नाणी सोळामान हा दुहेरी कारभार संपला.

यंत्राची बाजू मात्र उलटी. एक आणा म्हणजे रुपयाचा सोळावा भाग, बायनरीत ०.०००१, स्वच्छ. दहा पैसे म्हणजे दहावा भाग, आणि तो बायनरीत कधी संपतच नाही. ००११ ००११ अशी शेपूट वाढत जाते. म्हणून पैशाचा हिशोब ठेवणाऱ्या यंत्रांत प्रत्येक दशमान अंक चार बिटांत स्वतंत्र ठेवायची रीत रूढ झाली. तेच बीसीडी.

पण चार बिटांचा अ‍ॅडर तर मुळात सोळा आण्यांचा मुनीम. त्याला नवाच्या पुढे हातचा द्यायचा हे कळत नाही, तो पंधरापर्यंत शांत बसतो. सात आणि आठ मिळवा, ११११ येतं, हातचा नाही. त्याला लवकर सोळापर्यंत पोचवायचं तर मधली सहा घरं आपणच भरायची. सोळा वजा दहा, सहा. ११११ मध्ये ०११० मिळवा, येतं १ ०१०१. हातचा एक, खाली पाच. पंधरा. नऊ अधिक नऊला तो आपणहून हातचा देतो, पण खाली दोन दाखवतो, कारण अठरातले सोळा त्याने उचलले. आपल्याला दहाच उचलायचे होते. जास्तीचे सहा परत करा, खाली आठ.

एवढंच. आण्यांच्या यंत्राकडून पैशांचा हिशोब करून घेण्याचा तो वट्टा आहे.

आपल्या जिल्ह्यात हे प्रयोग पदवीच्या पातळीवर आले ते शेगावला १९८३ साली संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय निघाल्यावर. खासगी महाविद्यालयांना राज्याने परवानगी दिली तेच ते वर्ष. तोवर खोलीभर ट्यूबांचं काम बोटाच्या पेरावर मावणाऱ्या आयसीत गेलं होतं. ७४८६ मध्ये चार एक्स-ऑर, ७४०८ मध्ये चार अँड, आणि ७४८३ मध्ये अख्खा चार बिटांचा अ‍ॅडर. ७४८३ सरळ उचलून लावला की काम होतं, शिकणं होत नाही, हे माझं मत. आधी ७४८६ आणि ७४०८ घेऊन एक घर हाताने जोडा, ब्रेडबोर्डवर वायरींचं जंगल होऊ द्या. ऑर गेटसाठी ७४३२ लागेल. मग दुसरं घर. मग सात आणि अकरा लावा. पाचवा दिवा लागला तर तो रुपया.

वजाबाकीसाठी वेगळं सर्किट बांधत नाहीत. तोच अ‍ॅडर, त्याच वायरी, फक्त एका आकड्याचे सगळे अंक उलटे करून उजवीकडून एक हातचा मुद्दाम सोडायचा. ते का चालतं, हे पुढच्या भागात. मेहकरच्या मित्राने तोवर अकरातून सात वजा करून ठेवावेत.