माल कुठला? उल्हासनगरच्या शिक्क्यापासून ऑनलाइन दुकानापर्यंत



ऑनलाइन विक्री नव्याने सुरू करणाऱ्यांनी कायद्याच्या आणि नीतीच्या कोणत्या खड्ड्यांपासून जपावं, हा आजचा विषय. मी वकील नाही, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे कलमं वाचून दाखवण्यापेक्षा एका जुन्या प्रश्नापासून सुरुवात करतो. गिऱ्हाईक दुकानात आलं की विचारतं, "माल कुठला?" या दोन शब्दांचा इतिहास आपल्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात फार स्वच्छ वाचता येतो.

उल्हासनगर म्हणजे मूळची कल्याणची लष्करी छावणी, दुसऱ्या महायुद्धातली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना तिथल्या बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीचं शहर झालं. कॅम्प नंबर एक ते पाच हे पत्ते मात्र आजही तेच आहेत. घरदार, जमीन, पेढी सगळं मागे टाकून आलेल्या माणसांनी इथे पापड-लोणच्यापासून कापडापर्यंत मिळेल तो धंदा उभा केला.

आणि मग तो प्रसिद्ध विनोद. वस्तूवर 'मेड इन यूएसए' लिहिलेलं असायचं आणि यूएसए म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन'! महाराष्ट्रात हा विनोद ऐकला नाही असा माणूस विरळा. विनोद खरा किती, हा आजचा प्रश्न नाही. तो काय सांगतो ते बघू. परदेशी मालाची आयात जवळजवळ बंद होती आणि ओढ मात्र जबर होती. वस्तू इथे तयार होत होती, मान तिथल्या नावाला होता. म्हणून नाव उसनं घेतलं गेलं.

आता कुणी म्हणेल, यात फसवणूक कुठली? गिऱ्हाइकाला सगळं ठाऊक होतं, तोही हसत हसतच घेत होता. हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. समोरासमोरच्या बाजारात माल हातात घेता येतो, शिवण ओढून बघता येते, भाव पाडता येतो, दुसऱ्या दिवशी परत येऊन भांडताही येतं. पण ज्याला विनोद ठाऊक नव्हता, त्या गावाकडून आलेल्या माणसाचं काय? आणि ज्या दुकानदाराने आयुष्यभर स्वतःच्या नावाने चोख माल विकला, त्याचं काय? त्याच्याही मालावर लोक 'उल्हासनगरचा दिसतोय' म्हणून शिक्का मारत राहिले. उसन्या नावाची किंमत अख्ख्या गावाने फेडली.

हे काही फक्त आपल्याकडचं नाही बरं का. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या झोलिंगेनच्या सुऱ्या-कात्र्यांवर इंग्लंडमधल्या शेफील्डचं नाव येऊ लागलं. ब्रिटनने १८८७ साली कायदा करून परदेशी मालावर उगमाची खूण सक्तीची केली. 'मेड इन जर्मनी' हा शिक्का जन्माला आला तो हिणवण्यासाठी. जर्मनांनी माल सुधारला आणि काही दशकांत तोच शिक्का प्रतिष्ठेचा झाला. त्याच धर्तीवर १८८९मध्ये हिंदुस्थानातही व्यापारी चिन्हांचा कायदा आला. त्याआधी कितीतरी शतकं कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, कंटकशोधनाच्या भागात, हलका माल चांगल्या जातीचा म्हणून विकणाऱ्याला किमतीच्या आठपट दंड सांगितला आहे. आणि जिथला नाही तिथला म्हणून विकणं, हा गुन्हा त्याने वेगळा नोंदवला आहे. प्रश्न तोच: माल कुठला?

अंबरनाथला या. १९२०च्या दशकात इथे विम्कोचा, म्हणजे वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा, स्वीडिश भांडवलावरचा आगपेट्यांचा कारखाना उभा राहिला. आगपेटी घेणाऱ्या कितीतरी लोकांना वाचता येत नव्हतं. ते चित्रावरून पेटी ओळखत. म्हणजे ते चित्र हाच त्यांच्यासाठी कंपनीचा शब्द. अशा गिऱ्हाइकाचा विचार सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या दोन औषधांच्या वादात केला. दोन्ही नावं शेजारी ठेवून फरक शोधणारा पंडित न्यायालयाने मोजमापाला घेतला नाही. साधारण बुद्धीचा, नाव अर्धवट आठवणारा माणूस घेतला. त्याचा घोटाळा होईल का, ही कसोटी. नव्या विक्रेत्याने ही कसोटी भिंतीवर लिहून ठेवावी. कारण ऑनलाइन बाजारात आपण सगळेच ते अर्धवट आठवणारे गिऱ्हाईक आहोत. अंगठ्याने पडदा सरकवत जातो, थांबतो कुठे?

ऑनलाइन दुकानाचा मुख्य फरक हा. इथे माल नंतर पोचतो, शब्द आधी पोचतो. कापड चाचपता येत नाही, दुकानदाराचा चेहरा दिसत नाही. विक्रेत्याचं वर्णन, फोटो, भाव, इतरांचे अभिप्राय एवढंच गिऱ्हाइकाच्या हाती असतं. म्हणून बाजारात जे विनोदावारी खपत होतं, ते इथे सरळ खोटं ठरतं.

एकेक बघू. इन्स्टाग्रामवर पोरं बिनधास्त लिहितात, 'फर्स्ट कॉपी'. त्यांना वाटतं, नक्कल आहे असं सांगितलं म्हणजे प्रामाणिकपणा झाला. तसं नाही. चिन्ह दुसऱ्याचं आहे. १९९९च्या ट्रेडमार्क कायद्यात खोटं चिन्ह लावलेला माल विकणाऱ्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. दुसऱ्याच्या पानावरचा फोटो उचलून आपल्या मालाला लावला, तर कॉपीराइटचा भंग होतो आणि गिऱ्हाइकाला दाखवलेला माल एक, पाठवलेला दुसरा, हीही अडचण उभी राहते.

मग अभिप्राय. भावाच्या, मित्राच्या खात्यावरून आपणच पाच तारे द्यायचे. ग्राहक संरक्षणाच्या २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने ग्राहकाचं सोंग घेऊन अभिप्राय लिहिता येत नाही. मालाचा उगम-देश सांगावा लागतो. जाहिरातीसारखा नसलेला माल परत घ्यायला नकार देता येत नाही. एखाद्याने जुनी सायकल एकदा विकली तर तो या नियमांत येत नाही. पण घरातून का होईना, नियमितपणे विकणारा येतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत. पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन शिफारस करणाऱ्यानेही ते उघड सांगायला हवं. 'फक्त दोनच नग शिल्लक' अशी खोटी घाई २०२३च्या मार्गदर्शक सूचनांनी फसव्या युक्त्यांच्या यादीत घातली आहे. आणि ऑर्डरसाठी दिलेला मोबाइल नंबर त्या ऑर्डरपुरता असतो. तो यादीत टाकून दुसऱ्याला विकणं, हे २०२३च्या डेटा संरक्षण कायद्याच्या मूळ तत्त्वाच्याच विरुद्ध जातं. ते तत्त्व म्हणजे संमती.

हे झालं भीतीचं. पण नीती भीतीवर थांबते का? इमॅन्युएल कांटने १७८५मध्ये एका वाण्याचं उदाहरण दिलं. त्याचा भाव सगळ्यांना एकच, लहान मूलसुद्धा निर्धास्त खरेदी करू शकतं. कांट विचारतो, हा वाणी प्रामाणिक आहे की फक्त हुशार? गिऱ्हाईक टिकावं म्हणून तो असा वागत असेल, तर फायदा उलटला की वागणंही उलटेल. ऑनलाइन दुकानात ही परीक्षा रोज होते. समोरच्याला तपासता येत नाही, हे आपल्याला माहीत असतं. पडद्यापलीकडचं प्रत्येक गिऱ्हाईक त्या मुलासारखंच आहे.

आता शेवटचं स्टेशन, बदलापूर. पावसाच्या तोंडावर इथली जांभळं बाजारात येतात, आदिवासी बायका पाट्या घेऊन बसतात. या बदलापूरच्या जांभळाला अलीकडे भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे काय झालं बघा. एकेकाळी या पट्ट्यात परक्या गावाचं नाव लावल्याशिवाय माल खपत नव्हता, असं लोक म्हणत. आज याच पट्ट्यातल्या एका गावाच्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. उद्या दुसरीकडची जांभळं 'बदलापूरची' म्हणून कुणी ऑनलाइन विकली, तर उसनं नाव घेणारा तो असेल आणि नुकसान होईल त्या पाटीवाल्या बाईचं.

उल्हासनगरमध्ये जीन्स शिवणाऱ्या, अंबरनाथला घरी मसाले कुटणाऱ्या, बदलापुरातून लोकलने कामाला जाऊन रात्री ऑर्डरी बांधणाऱ्या नव्या विक्रेत्यांना माझं एवढंच सांगणं आहे. स्वतःचं नाव लावा. फोटो स्वतःच्या मालाचा लावा. सुरुवातीला विक्री कमी होईल, होऊ दे. "माल कुठला?" असं कुणी विचारलं, तर "इथला" म्हणून सांगता आलं पाहिजे, आणि ते सांगताना आवाज खाली जाता कामा नये.