श्रम, विनोद आणि शुक्रवारची रात्र

अमेरिकन दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांचा इतिहास बहुतांशी दीर्घायुषी मालिकांचाच इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. पुनःप्रक्षेपणासाठी शंभराच्या आसपास भाग हाताशी असावेत, असा त्या व्यवसायाचा संकेत; तेवढ्या न जगलेल्या मालिका प्रेक्षकांच्या स्मृतीतून आणि पाठोपाठ समीक्षेच्या कक्षेतूनही गळाल्या. 'आयम डिकन्स, हीज फेन्स्टर' ही अशीच एक. एबीसी वाहिनीवर 28 सप्टेंबर 1962 रोजी ती सुरू झाली आणि 32 भागांनंतर मे 1963 मध्ये संपली. हॅरी डिकन्स (जॉन ॲस्टिन) व आर्च फेन्स्टर (मार्टी इंगल्स) हे तिचे नायक म्हणजे बांधकामावरचे दोन सुतार; एक संसारी, दुसरा अविवाहित आणि रंगेल.

मालिकेचा कर्ता लिओनार्ड स्टर्न हा 'द हनीमूनर्स'च्या (1955-56) लेखकांपैकी एक होता, ही गोष्ट केवळ चरित्रात्मक तपशील म्हणून सोडून देण्याजोगी नाही. त्या मालिकेतील राल्फ क्रॅम्डेन बसचालक आहे, एड नॉर्टन गटारात उतरणारा कामगार; परंतु नाट्य घडते ते जवळजवळ सर्वस्वी ब्रुकलिनमधील एका बिऱ्हाडाच्या स्वयंपाकघरात. श्रम हा तेथे पात्राचा परिचय आहे, त्याची कृती नव्हे. स्टर्नच्या नव्या मालिकेचे शीर्षकच सहकाऱ्यांची जोडी पुढे करते. पुष्कळ घोटाळे येथेही डिकन्सच्या घरात होतात, हे खरे. पण फळी, शिडी, करवत ही येथे विनोदाची साधने बनतात. हे नाते मूकपटांपासून चालत आलेल्या अंगविक्षेपी प्रहसनाशी आहे. लॉरेल आणि हार्डी यांचा 'बिझी बॉडीज' (1933) लाकूड कापण्याच्या कारखान्यातच घडतो.

रिचर्ड बुच या अभ्यासकाने 1992 मध्ये असे दाखवून दिले, की या मालिकांतील कामगार पुरुष सामान्यतः बावळट रंगविला जातो आणि मध्यमवर्गीय पिता शहाणा. डिकन्स-फेन्स्टर या साच्याबाहेर आहेत असे म्हणणे धाडसाचे ठरेल. तथापि शिडीवरून नेमके पडण्यासाठी नटाला शिडीचा तोल ठाऊक असावा लागतो. फजितीतही हाताच्या कसबाची खूण उरते. निव्वळ संवादांवर चालणाऱ्या विनोदाला ती सोय नाही.

मग मालिका टिकली का नाही? रात्री नऊला ती सुरू होई, तेव्हा सीबीएसवरील 'रूट 66' आणि एनबीसीवरील 'सिंग अलाँग विथ मिच' हे दोन्ही तासाभराचे कार्यक्रम निम्मे झालेले असत; त्यांत गुंतलेला प्रेक्षक उठून येणे कठीण. हे कारण व्यावहारिक आहे आणि बहुधा निर्णायकही. पण त्याच वाहिनीवर त्याच रात्री साडेआठला 'द फ्लिंटस्टोन्स' (1960-66) लागत असे. 'द हनीमूनर्स'च्या धर्तीवर बेतलेल्या त्या व्यंगपटाचा नायकही खाणकामगार, परंतु अश्मयुगातला. पुढे रूढ झालेल्या त्याच्या शीर्षकदृश्यात सुटीचा भोंगा होतो आणि फ्रेड डायनोसॉरच्या शेपटीवरून घसरून घराकडे धावतो. काम दिसते ते संपण्याच्या क्षणी. हा कामगार सहा हंगाम जगला.

भागांच्या संख्येवर सर्व काही ढकलता येत नाही, कारण 'द हनीमूनर्स'चे अवघे 39 अर्ध्या तासांचे भाग पिढ्यान्‌पिढ्या पुनःप्रक्षेपित होत राहिले. त्यांच्यामागे जॅकी ग्लीसनचे तारकावलय होते. शिवाय स्वयंपाकघर सर्वांच्या परिचयाचे. 1971 मध्ये 'ऑल इन द फॅमिली' आली तेव्हा मालधक्क्यावरचा मुकादम आर्ची बंकर प्रेक्षकांच्या ध्यानात राहिला तो दिवाणखान्यातल्या खुर्चीसह.

डिकन्स-फेन्स्टरचे पहिले 16 भाग 2012 मध्ये डीव्हीडीवर आले. ॲस्टिनला मात्र कीर्ती लाभली होती ती 1964 पासूनच्या 'द ॲडम्स फॅमिली'तील गोमेझमुळे, म्हणजे पोटासाठी हात हलवण्याची गरज नसलेल्या एका गडगंज धनिकाच्या भूमिकेत.