कन्व्हर्ट करून मिळेल

कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या मावस-आतेभावंडांच्या भानगडीत न पडता कोल्हापूरकर त्यांना सरळ ‘पेंटर बंधू’ म्हणतात. मूव्ही कॅमेरा स्वतः बनवायचं वेड दोघांचं. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ मध्ये तो कॅमेरा पुरा केला आणि त्यावर काढलेला ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन चित्रगृहात लागला.

यात एक गोष्ट कुणाच्या ध्यानात येत नाही. कॅमेरा कोल्हापूरचा, कच्ची फिल्म परदेशी, प्रोजेक्टर तिसऱ्याच कुणाचा. तरी सगळं एकमेकांत बसलं. कारण ३५ मिलिमीटर रुंदीची पट्टी आणि दर चौकटीला दोन्ही कडांना चार-चार भोकं, हे माप १९०९ साली पॅरिसला भरलेल्या निर्मात्यांच्या परिषदेने मान्य केलं होतं. बाबूरावांनी कॅमेरा घरचा केला, पण भोकांचं माप जगाचं ठेवलं. त्यामुळे चित्रपट ‘कन्व्हर्ट’ करायची वेळ कुणावर आली नाही.

ती वेळ आली ती चित्र पट्टीवरून उतरल्यावर. टीव्हीवर सिनेमा दाखवायचा तर सेकंदाला २४ चौकटींचं चित्र आपल्याकडच्या २५ चौकटींच्या टीव्हीत बसवावं लागे. त्यावर उपाय म्हणून सिनेमा किंचित पळवत आणि शंभर मिनिटांचा खेळ शहाण्णव मिनिटांत उरकत. नटांचे आवाजही थोडे चढत. पुढे व्हीएचएस कॅसेट आली आणि १९९३ मध्ये व्हिडिओ सीडीचं प्रमाण ठरलं. पुढे टॅबलेटसाठी व्हिडिओ कन्व्हर्ट करून देणारी जी सॉफ्टवेअरं आली, त्यांचं खरं कुळ या व्हीसीडीत आहे.

गाण्यांसाठी बनवलेली सीडी ठराविक वेगानेच वाचली जाई. त्या वेगात चित्र मावलं पाहिजे, म्हणून चौकट ३५२ बाय २८८ ठिपक्यांची केली. एवढ्याशा चित्राची माहितीही जशीच्या तशी ठेवली तर सेकंदाला तीन कोटी बिट होते, आणि जागा होती साडेअकरा लाखांची. म्हणजे सव्वीस भागांतला एक ठेवायचा, बाकीचे टाकायचे. तरीही एका तबकडीवर ७४ मिनिटंच मावत, म्हणून सिनेमाच्या मध्येच उठून दुसरी सीडी घालावी लागे.

पंचवीस भाग टाकूनही चित्र ओळखू येतं, याचं श्रेय बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांच्याकडे जातं. अमेरिकेत कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवताना त्यांनी १९७२ मध्ये एका गणिती रूपांतरावर संशोधन करायला सरकारी अनुदान मागितलं. कल्पना फारच साधी म्हणून ते नाकारलं गेलं. त्यांनी काम सोडलं नाही आणि जानेवारी १९७४ मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत निबंध छापला. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे तुकडे पाडायचे, प्रत्येकात ढोबळ छटा किती आणि बारीक खरखर किती हे वेगळं काढायचं, आणि डोळ्याला न जाणवणारी खरखर टाकून द्यायची. व्हीसीडी, डीव्हीडी, पुढचं एच.२६४ या सगळ्यांच्या मुळाशी हीच युक्ती आहे. खराब सीडीत नायिकेच्या गालावर चौकोन उमटत ते हेच आठ बाय आठ.

मग २००० च्या आसपास डिव्हएक्स आलं. डीव्हीडीवरचा सिनेमा पिळून ७०० एमबीत बसवायचा, म्हणजे एका सीडीवर अख्खा मावतो. फाइलचं नाव .एव्हीआय, हे वेष्टण मायक्रोसॉफ्टचं, १९९२ चं. घराघरांतल्या कॉम्प्युटरवर अशा फाइलींचे ढीग साठले आणि ३ एप्रिल २०१० रोजी अमेरिकेत आयपॅड विकायला आला. भारतात तो जानेवारी २०११ मध्ये पोचला, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सरकारने स्वस्त ‘आकाश’ टॅबलेटही काढला.

तेव्हाच्या टॅबलेटचा प्रोसेसर अशक्त. चित्र उलगडायचं काम त्यातली एक वेगळं सर्किट करी, आणि त्याला ठराविक भाषाच समजे. आयपॅडला एमपी४ वेष्टणातलं एच.२६४ हवं, डिव्हएक्सची एव्हीआय त्याच्या व्हिडिओ प्लेअरला चालेना. मग दुकानातला पोरगा म्हणे, “दादा, ह्यावर चालत न्हाई, कन्व्हर्ट करून देतो की.” तो वापरी त्या बहुतेक कन्व्हर्टरांच्या पोटात एफएफएमपेग असे, फाब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केलेलं आणि फुकट वाटलेलं. वरचं रंगीत बटण तेवढं विकत घ्यायचं.

एक गंमत मात्र घडली. पहिल्या आयपॅडचा पडदा १०२४ बाय ७६८, म्हणजे चारास तीन. प्रभातने १९३२ मध्ये कोल्हापुरात काढलेल्या ‘अयोध्येचा राजा’च्या काळातली चौकटही साधारण तेवढीच. नव्या रुंद सिनेमाला वर-खाली काळ्या पट्ट्या, आणि जुना मात्र जवळजवळ काठोकाठ! लोकांना काळ्या पट्ट्या आवडत नसत, म्हणून ‘फुल स्क्रीन’ निवडून ते चित्र ताणत. शेलाटे नायक मग उभट बांबूसारखे दिसत.

हा धंदा फार टिकला नाही. २०११ पासून एमएक्स प्लेअरसारखी अॅप्स आली, प्रोसेसर दमदार झाले, कुठलीही फाइल जशीच्या तशी चालू लागली. आता यूट्यूबवर व्हिडिओ चढवला की त्याच्या लहान-मोठ्या आवृत्त्या त्यांचे सर्व्हर परस्पर बनवतात.

शिल्लक राहिल्या लग्नाच्या कॅसेटी. नव्वदीतल्या लग्नाची व्हीएचएस आधी व्हीसीडीत केलेली, ती पुढे एव्हीआयमध्ये आणि शेवटी टॅबलेटसाठी एमपी४ मध्ये, अशी पिढ्यान्‌पिढ्या काटछाट झालेली असते. व्हीसीडी करतानाच आडव्या ओळींची संख्या ५७६ वरून २८८ वर आलेली, म्हणजे निम्मं चित्र तिथेच गेलं. नंतरच्या कितीही महाग सॉफ्टवेअरला ते परत आणता येत नाही. कपाटात मूळ कॅसेट असेल आणि तिला बुरशी लागली नसेल, तर सीडी बाजूला ठेवून स्टुडिओत तीच घेऊन जावं.