इटालियन भाषेच्या निवडीमागील प्रयोजन

इटलीचे आकर्षण मराठी विद्यार्थ्यास नवे नाही. १९०४ मध्ये स्थापन झालेल्या 'अभिनव भारत'पुढे मॅझिनीच्या १८३१ मधील 'तरुण इटली'चा आदर्श होता. वि. दा. सावरकरांचा मॅझिनीविषयक मराठी ग्रंथ १९०७ साली प्रसिद्ध झाला. परंतु त्यास आधार होता तो मॅझिनीच्या लेखनाच्या इंग्रजी भाषांतराचा. त्या पिढीस इटलीचा इतिहास हवा होता. इटालियन भाषेवाचून तिचे अडले नाही. १९४७ नंतर तेही प्रयोजन सरले.

मग आज भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यातून विद्यापीठात येणाऱ्या विद्यार्थ्याने ही भाषा का निवडावी? संगीत, चित्रकला, परदेशातील उच्च शिक्षण ही कारणे सर्वत्र सांगितली जातात. मराठीच्या अभ्यासकास मात्र आणखी एक कारण आहे. १५८३ मध्ये हिंदुस्थानात आलेला व १५८८ मध्ये गोव्यात मरण पावलेला फ्लॉरेन्सचा व्यापारी फिलिप्पो सास्सेत्ती याने संस्कृत व इटालियन संख्यावाचकांतील साम्य आपल्या पत्रांत नोंदविले होते. हे साम्य पुढील विकासातही आढळते. लॅटिन 'सेप्तेम', 'ऑक्तो' यांपासून इटालियन 'सेत्ते', 'ऑत्तो' झाले. संस्कृत 'सप्त', 'अष्ट' यांपासून प्राकृत 'सत्त', 'अट्ठ' व पुढे मराठी 'सात', 'आठ' झाले. दोन्हीकडे हे परिवर्तन स्वतंत्रपणे घडले. तथापि मराठीने मागे टाकलेली ही द्वित्वाची अवस्था इटालियनमध्ये आजही प्रत्यक्ष ऐकावयास मिळते. प्राकृत केवळ ग्रंथांतून शिकणाऱ्यास हा लाभ लहान नव्हे. इटालियनच्या अध्ययनाचे हे प्रयोजन विद्यार्थ्यांपुढे मांडणे भाषाविभागांचे कर्तव्य होय.