स्कार्न: खाणीतल्या टाकाऊ दगडाची गोष्ट

आखाडा बाळापूरच्या शिवारात विहीर खणली की काळा बेसाल्ट लागतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा खडक. तांबं-लोखंडाचं स्कार्न यात मिळणार नाही. पण का मिळणार नाही, हे नीट सांगता आलं तर स्कार्न समजलं म्हणायचं. त्यासाठी थोडा इतिहास पाहू.

लोहखनिजाबरोबर निघणाऱ्या टाकाऊ दगडाला स्वीडनचे खाणकामगार 'स्कार्न' म्हणायचे. १८७५ मध्ये टोर्नेबोम यांनी पर्सबर्ग खाणीचं वर्णन करताना हाच शब्द शास्त्रात आणला. हा दगड मुख्यतः गार्नेट आणि पायरॉक्सिनचा. त्याआधी, १८६४ च्या सुमारास, फॉन कोट्टा यांनी बनात भागात (आज बराचसा रोमानियात) पाहिलं होतं, की तिथली खनिजं ग्रॅनाइटसारखे खडक आणि चुनखडक जिथे भेटतात तिथेच साठली आहेत.

मग प्रश्न आला: हे लोह चुनखडकातलंच, की बाहेरून आलेलं? १९०५ मध्ये लिंडग्रेन यांनी अ‍ॅरिझोनातल्या क्लिफ्टन-मोरेन्सीचा अभ्यास मांडला. तिथे शुद्ध चुनखडकाच्या जागी अँड्राडाइट गार्नेट तयार झालं होतं. चुनखडक कॅल्शियम देईल हो, पण एवढं लोह आणि सिलिका कुठून देणार? म्हणजे ते शिलारसातून निघालेल्या गरम द्रावांनीच आणलं. साधारण क्रम असा: आधी गार्नेट-पायरॉक्सिन, मग मॅग्नेटाइट, आणि तापमान उतरल्यावर चाल्कोपायराइट, म्हणजे तांब्याचं खनिज.

आता आपल्या भागात या. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइट आहे. यवतमाळात वणीकडे पैनगंगेच्या नावाने ओळखला जाणारा चुनखडक आहे. दोन्ही आहेत, मग अडलं कुठे? वेळेत! ग्रॅनाइट आधीचा. तो थंड होऊन, झिजून गेल्यावर कितीतरी काळाने त्या जुन्या पायावर चुनखडक साचला. नंतर लाव्हा आला, पण तो वरून पसरला आणि उघड्यावर थिजला. खोलवर दीर्घकाळ द्राव फिरवणारी उष्णता या चुनखडकाला मिळालीच नाही.

म्हणून फील्डवर गेलात की वहीत नुसती खडकांची नावं लिहू नका. कोण आधी आलं, कोण कोणात घुसलं, तेही लिहा. नकाशावर ग्रॅनाइट आणि चुनखडक शेजारी दिसले म्हणून स्कार्न ठरत नाही.